तीन पाऊण सव्वादोन

भाऊच्या धक्क्यावर आम्ही आठ-सव्वाआठला पोचलो. मोऱ्याची लाँच धक्क्यालाच होती, माणसं पिशव्या घेऊन रांगेत उभी होती आणि खिडकीतला माणूस काही तिकीट द्यायला तयार नव्हता. ओहोटी! पलीकडे मोरा बंदरात गाळ इतका साचतो की पाणी उतरलं की लाँच धक्क्यापर्यंत जातच नाही, मध्येच रुतते. उरणला दुपारी साखरपुडा, नातवंडांचे आईबाबा आदल्या दिवशीच रस्त्यानं गेलेले. मागे उरलो मी, दोन नातवंडं आणि बेसनाच्या लाडवांचा डबा.

"कधी सुटेल?" मोठीनं विचारलं. ती सहावीत आहे. तिला प्रत्येक गोष्टीची वेळ लागते. तिनं मोबाइल काढला.

"ठेव तो. आज तिथी काय?"

"काय माहीत!"

"तृतीया. काल तुझ्या आजीनं सांगितलं होतं. आता सांग, तीन पाऊण?"

दोघंही माझ्याकडे बघत राहिली. पाऊणकी आता शाळेत कोणी घोकून घेत नाही, त्यांचा दोष नाही. आमच्या वेळी एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन असं म्हणताना एक अंक चुकला की हातावर पट्टी बसायची. पुढे चाळीस वर्षं गोदीत काढली तेव्हा कळलं, त्या पट्टीनं मला समुद्राचं घड्याळ शिकवलं होतं.

"सव्वादोन. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती मुंबईच्या भरतीची वेळ. आज दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती. भरती आणि ओहोटीत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर. म्हणजे ओहोटी आत्ता आठलाच संपली. समुद्र परत फिरलाय."

मोठीनं मोबाइलवर बघितलंच. दोन वाजून अकरा मिनिटं. ती काही बोलली नाही, पण मोबाइल खिशात गेला.

गंमत अशी की यात जादू काहीच नाही. अमावास्येला आणि पौर्णिमेला मुंबईत भरती येते दुपारी आणि रात्री बाराच्या सुमाराला. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरकते. चार दिवस गेले, चार पाऊण तीन. अष्टमीला आठ पाऊण सहा. थोडं इकडेतिकडे होतं, होऊ दे. पण हा हिशेब मुंबईचा. दुसऱ्या बंदरात गेलात तर तिथला आकडा वेगळा, कारण पाणी कुठल्या आखातातून, कुठल्या खाडीतून वळसे घेत येतं त्यावर ते ठरतं. आणि अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, सूर्य-चंद्र दोघं मिळून पाणी ओढतात, म्हणून तेव्हा उधाण. ते उधाणही खरं रंगात येतं एक-दोन दिवसांनी, म्हणजे आजच्यासारख्या दिवशी. अष्टमीला सूर्य एकीकडे ओढतो, चंद्र दुसरीकडे. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्याला कोळी भांग म्हणतात.

"पायऱ्या मोज," मी म्हटलं. धक्क्याच्या पायऱ्या खाली पाण्यात उतरत गेल्या होत्या, खालच्या हिरव्या, शेवाळानं बुळबुळीत. धाकट्यानं वरूनच बोट दाखवत मोजल्या. सतरा उघड्या.

"सतराची बारा झाली की लाँच सुटेल."

पाच मिनिटांनी तो म्हणाला, "आजोबा, एकसुद्धा गेली नाही." मी म्हटलं, आत्ता कुठे जाणार? ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात समुद्र आळस देतो. दुसऱ्या तासात दुप्पट चढतो, तिसऱ्या-चौथ्यात तिप्पट, मग पुन्हा मंदावतो. झोपाळ्याचं असंच असतं की. दोन्ही टोकांना हळू, मधे जोरात.

मग आम्ही सावलीत बसलो. वर पाटीवर नाव होतं, तेव्हा पुढचा प्रश्न येणारच होता. भाऊ कोण?

भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकातला पाठारे प्रभू गृहस्थ. उतारूंना चिखल तुडवत होडीपर्यंत जावं लागायचं म्हणून त्यानं इथे भराव घालून धक्का बांधला. लोक त्याला भाऊ म्हणत, म्हणून हा भाऊचा धक्का. सरकारी कागदांत नाव निराळं आहे, ते टॅक्सीवाल्यालासुद्धा माहीत नसतं.

"म्हणजे इथे सगळ्यात पहिले भाऊ आले?"

"भाऊ अगदी काल आले रे. त्यांच्या आधी वाडिया. वाडियांच्या आधी पटेल, त्यांच्या आधी कोळी."

"आणि कोळ्यांच्या आधी कुठलं कुटुंब?"

"बेडकाचं."

धाकटा हसत सुटला. पण मी चेष्टा करत नव्हतो. वरळीची टेकडी आहे ना, तिच्या काळ्या दगडाखाली एक पातळ थर आहे, गोड्या पाण्याच्या तळ्यात साचलेल्या गाळाचा. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोट येत होते. सगळा दख्खन त्यांनीच घडवला. एक लोट आला, थंड झाला, वर पाऊस पडून तळी साचली, तळ्यांत झाडं, किडे, बेडूक आले. मग पुढचा लोट आला आणि सगळ्यावर दगडाचं झाकण बसलं. त्या गाळात इवल्याशा बेडकांचे सांगाडे मिळाले, शेकड्यांनी. लंडनच्या रिचर्ड ओवेननं 1847 मध्ये त्यांचं शास्त्रीय वर्णन केलं. हा तोच ओवेन, ज्यानं 'डायनोसॉर' हा शब्द बनवला. तेव्हा मुंबईचे सगळ्यात जुने रहिवासी कोण, असं कोणी विचारलं तर बेधडक सांगा. समुद्राचे नव्हेत, तळ्याचे!

त्यानंतरचे रहिवासी तर इथून हाकेच्या अंतरावर सापडले. दक्षिणेला प्रिन्सेस डॉक होती. प्रिन्स ऑफ वेल्सनं 1875 मध्ये तिचा पाया घातला आणि 1880 च्या पहिल्या दिवशी ती सुरू झाली. आता ती बुजवून टाकलीय. ती खोदताना मजुरांची फावडी चिखलातून खाली जाता जाता लाकडाला लागली. आधी वाटलं, बुडालेलं गलबत असेल. मग एक खोड, दुसरं, दहावं. चिखलाखाली अख्खं रान उभं होतं. खैराची शेकडो झाडं, काही आडवी, बरीचशी उभी, मुळं खालच्या मातीत घट्ट. ओहोटीचं पाणी जिथवर उतरतं त्याच्याही खाली.

"समुद्रात झाडं?" मोठी म्हणाली.

तेच तर. खैर खाऱ्या पाण्यात उगवत नाही. तो डोंगरउतारावरचा, कोरड्या रानातला. पानात घालतो तो कात त्याचाच. म्हणजे तिथे पूर्वी जमीन होती. जमीन खचली म्हणा, समुद्र चढला म्हणा, पंडित त्यावर पुष्कळ भांडले. पण एवढं खरं की जे रान होतं त्याचं बंदर झालं. मुंबईचं बंदर हे असंच, बुडालेल्या दरीचं. पश्चिमेला बेटांची भिंत, पूर्वेला कोकणाचा किनारा, मधे खोल पाणी. पावसाळ्यात नैऋत्येकडून वारा आणि लाटा येतात तेव्हा बेटं पाठ करून उभी राहतात आणि आत गलबतं निवांत डुलतात. म्हणून तर सगळ्या गोद्या पूर्वेला आहेत. चौपाटीवर कोणी गोदी बांधली नाही.

आणि ते लाकूड कुजलं का नाही? चिखलानं झाकलं म्हणून. चिखलात हवा नाही, हवा नाही तर कुजवणारे जीव नाहीत. पण काही खोडांवर भोकं होती. चिखल चढण्याआधी, खाऱ्या पाण्यात उभी असताना कोणीतरी ती पोखरली होती. त्या कोणीतरीची ओळख थोड्या वेळानं करून देतो, कारण माझ्या मते या बंदराच्या इतिहासात गव्हर्नरांपेक्षा त्याचा हात मोठा आहे.

आता माणसं. कोळी इथे कधी आले त्याची तारीख कोणाकडे नाही, आणि ती नाही हेच त्यांच्या जुनेपणाचं प्रमाणपत्र. तारीख उपऱ्यांची असते. माझगाव, मांडवी, डोंगरी, कुलाबा, वरळी, माहीम या सगळीकडे त्यांचे पाडे होते. त्यांच्या मुंबादेवीचं देऊळ आधी आत्ताच्या सीएसएमटी स्टेशनच्या परिसरात होतं. देवीवरून शहराचं नाव पडलं, आणि स्टेशन बांधणाऱ्यांच्या किती आधी इथे कोण होतं ते त्यावरून कळतं.

कोळ्यांचं शास्त्र बघायचं असेल तर डोल जाळं बघा. मोठ्या पिशवीसारखं, तोंड रुंद, शेपूट अरुंद. समुद्राच्या तळात खुंट रोवून त्याला हे बांधतात आणि गप्प बसतात. मासळीच्या मागे पळायचंच नाही. भरती-ओहोटीचं पाणी वेगानं वाहतं आणि बोंबील, मांदेली, करंदी, जवळा सगळं पिशवीत ओततं. पाणी थांबायला आलं की ते पुन्हा उलटं फिरायच्या आत जाळं वर घ्यायचं. उशीर झाला की आलेली मासळी बाहेर. उधाणात पाण्याला जोर, म्हणून डोलीला जोर. भांगात जाळं मरगळून लोंबतं. म्हणजे ज्याला तिथी कळत नाही त्याच्या घरी कालवण नाही. चंद्र आकाशात दिसो न दिसो, पाऊणकी कोळणीच्या तोंडी असायची. शाळेच्या पट्टीशिवाय!

मग एकेक कुळं येत गेली. महिकावतीच्या बखरीत बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांची नावं आहेत. प्रभू, भंडारी वगैरे. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून बेटं पोर्तुगीजांकडे गेली. 1661 च्या लग्नकरारात त्यांनी ती इंग्लंडच्या राजाला हुंड्यात कबूल केली, आणि राजानं 1668 मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला 10 पौंड भाड्यानं. इतक्या भाड्यात आज इथे कोणी सायकलसुद्धा लावू देणार नाही. पोर्तुगीजांच्याच काळात दोराबजी नानाभाई नावाचा पारशी इथे येऊन राहिला. त्याचा मुलगा रुस्तमजी. सांगतात की 1692 मध्ये बेटावर साथ आली, इंग्रज शिपाई पटापटा मेले आणि जंजिऱ्याच्या सिद्दीनं संधी साधून हल्ला केला. तेव्हा रुस्तमजीनं कोळ्यांना गोळा केलं आणि त्यांच्या जोरावर सिद्दीला पिटाळलं. त्याबद्दल त्याला 'पटेल' ही पदवी मिळाली. कोळ्यांचा पटेल पारशी! ही मुंबई.

"आजोबा, एक पायरी गेली," धाकटा ओरडला. घड्याळात सव्वानऊ व्हायला आले होते. "दीड!" त्यानं दुरुस्ती केली. मी म्हटलं होतं ना, पहिल्या तासात आळस.

तो खाली उतरला होता तो हातात काहीतरी घेऊनच वर आला. हातभर लांबीचं लाकूड, ओलं, जड, कुठल्यातरी जुन्या होडीच्या फळीचा तुकडा असावा. मला हवं होतं तेच आयतं आलं. "बघ याच्याकडे नीट. काय दिसतं?"

"काही नाही. बारीक भोकं."

खरंच बारीक, सुईनं टोचल्यासारखी. मी पेनचाकूनं कड उचकटली आणि लाकूड बिस्किटासारखं मोडलं. अर्धा तुकडा हातात आला. आतून नुसती जाळी होती. बोट जाईल एवढी भुयारं, एकाला एक खेटून, आणि प्रत्येक भुयाराला आतून पांढरा गिलावा, अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत. एका भुयारात मळकट रंगाचा लिबलिबीत लांबट जीव होता. मोठी मागे सरकली, धाकटा पुढे सरकला.

हाच तो खैराची खोडं पोखरणारा, जहाजकिडा. शास्त्रात टेरेडो. दिसायला गांडुळासारखा, पण खरा कोणाचा नातलग? तिसऱ्यांचा! शिंपल्यात राहणारी तिसरी आपण खातो ना, तिच्याच गोतावळ्यातला. याचे दोन शिंपले फक्त डोक्याशी उरलेत, मुगाच्या सालीसारखे छोटे, आणि त्यांच्यावर कानशीसारखे दाते. ते शिंपले लाकडावर घासत, फिरवत हा पुढे सरकतो. लहानपणी पाण्यात तरंगत येतो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका छोटा, लाकूड लागलं की टोचून आत शिरतो. मग आतच वाढतो, वितभर, काही जातींत त्याहून मोठा. बाहेरचं दार मात्र तेवढंच राहतं. लहान असताना आत गेला तो पुन्हा बाहेर येऊच शकत नाही. शेपटाकडून दोन नळ्या दारातून बाहेर काढतो, एकीनं पाणी आत, दुसरीनं बाहेर. मघासारखी ओहोटी आली, लाकूड उघडं पडलं, की नळ्या आत ओढून दाराला दोन छोट्या झडपा लावून बसतो.

"लाकूड पचतं त्याला?"

एकट्याला नाही पचत. त्याच्या कल्ल्यांत जीवाणू राहतात, ते पाचकरस करून देतात. घरातले भाडेकरूच स्वयंपाक करतात म्हण. आणि मला याची सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली माहितेय? एका फळीत शेकडो जण पोखरत असतात, पण कोणी शेजाऱ्याची भिंत फोडत नाही. भिंत जवळ आली की वळतो. हे बघ, ही सगळी भुयारं एकमेकांना चाटून जातात, पण कुठे मिसळत नाहीत. आमच्या चाळीत चाळीस बिऱ्हाडं होती, त्यांना हे जमलं नाही.

असा हा सभ्य प्राणी, पण याच्यामुळे कोलंबसाची जहाजं चाळणी झाली आणि 1503 मध्ये त्याला ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवून वर्षभर तिथेच अडकून पडावं लागलं. हॉलंडमध्ये 1731 साली यानं समुद्राला थोपवणाऱ्या बांधांचं लाकूड खाल्लं आणि अख्खा देश घाबरला. मार्क ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरनं मात्र याच्याकडून धडा घेतला असं सांगतात. डोकं पोलादी ढालीत, मागून भिंतीला गिलावा. 1818 मध्ये त्यानं तसं यंत्र योजलं आणि थेम्स नदीखालून बोगदा काढला. मुंबईत मेट्रोची भुयारं खणणारी अवजड यंत्रं त्याच कुळातली.

आता सांगा, गरम समुद्रात हा किडा वर्षभर काम करतो, आणि जहाजं लाकडाची. मग बंदर चालवायचं कसं? कोळ्यांचं उत्तर सोपं होतं. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या. कोरड्यावर किडा मरतो. तळ खरवडायचा, जाळानं शेकायचा, तेल पाजायचं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात. पण पाचशे टनांचं जहाज वाळूवर कोण ओढणार?

इथे वाडियांची गोष्ट सुरू होते.

1735 च्या सुमाराला कंपनीनं सुरतेला एक जहाज बांधायला दिलं. देखरेखीला गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्याची नजर तिथल्या एका तरुण मिस्त्रीवर पडली. लवजी नसरवानजी वाडिया. अधिकाऱ्यानं त्याला मुंबईला बोलावलं. लवजी म्हणाला, मालकानं सोडल्याशिवाय येणार नाही. मालकानं सोडलं, आणि 1736 मध्ये लवजी आला, सोबत दहा सुतार घेऊन. नंतर बायकामुलांनाही आणलं. अकरा माणसं आणि त्यांच्या हत्यारांच्या पेट्या. मुंबईच्या गोदीचा जन्म एवढाच. कोणी तुतारी फुंकली नाही.

लवजीला दोन गोष्टी उमगल्या, आणि दोन्ही निसर्गाच्या. पहिली गोष्ट ही, जी आपण सकाळपासून बघतोय. मद्रासला जा, भरती-ओहोटीत फरक जेमतेम हातभराचा. मुंबईत उधाणाला पुरुष-दीड पुरुष, कधी त्याहून जास्त. मग किनाऱ्यात दगडाचा लांबट हौद बांधा, समुद्राकडे दारं ठेवा. उधाणाच्या भरतीला दारं उघडा, जहाज तरंगत आत घ्या, खाली लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. ओहोटी लागली की पाणी आपणहून उतरतं. दारं लावा. जहाज कोरडं! तळाखाली माणूस उभा राहून ठोकू शकतो. काम झालं की पुढच्या उधाणाला दारं उघडा. हत्ती नकोत, दोरखंड नकोत, चंद्र सगळं ओढतो, आणि मजुरी मागत नाही. अशी पहिली सुकी गोदी 1750 मध्ये बांधून झाली. तिला जोडून आणखी दोन, 1765 पर्यंत. ती अजून आहे, नौदलाच्या ताब्यात. मोठं जहाज आत घ्यायचं तर भांगात शक्यच नाही, म्हणून तिथले साहेबसुद्धा तिथी विचारायचे. माझ्या काळापर्यंत पंप आले होते, तरी म्हातारे मिस्त्री जहाज घ्यायच्या दिवशी आधी कालनिर्णय बघायचे.

दुसरी गोष्ट साग. इंग्रजांची जहाजं ओकची. ओक दणकट, पण त्यात आम्ल असतं, लोखंडी खिळा त्यात गंजतो, खिळा सैल की फळी सैल. सागात तेल असतं. त्या तेलात काही अशी द्रव्यं असतात की वाळवी तोंड लावत नाही आणि जहाजकिडाही लवकर वळत नाही. अगदीच लागत नाही असं नाही, पण ओकसारखी मेजवानी होत नाही. वर तेच तेल खिळ्याला गंजू देत नाही. शिवाय साग उन्हापाण्यात फारसा फुगत नाही, आकसत नाही. मलबारच्या रानातून तो यायचा. तिथली एक युक्ती ऐका. हिरवा साग तोडून नदीत टाकला तर तरंगत नाही, बुडतो. म्हणून झाड उभं असतानाच बुंध्याभोवती सालीचं आणि खालच्या लाकडाचं कडं कापून काढायचं. झाड उभ्या उभ्या वाळतं, दोन-तीन वर्षं. मग तोडायचं, पुरात सोडायचं, ते पाण्यावरून समुद्रापर्यंत येतं.

"म्हणजे झाडाला आधी उभं ठेवून मारायचं?" मोठीनं विचारलं. मी हो म्हटलं. त्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. या जहाजांपायी मलबारची रानं इतकी तुटली की 1840 च्या दशकात निलांबूरला सागाची मुद्दाम लागवड करायची वेळ आली. त्यातली काही झाडं आजही उभी आहेत.

लवजी 1774 मध्ये गेला. मुलगे माणेकजी आणि बमनजी, मग नातू फ्रामजी आणि जमशेटजी. दीडशे वर्षं मुख्य मिस्त्रीची जागा घरातच राहिली. जहाज बांधताना चांदीचा खिळा ठोकायचा रिवाज होता, दस्तूर, म्हणजे पारशी धर्मगुरू, प्रार्थना म्हणायचे. जमशेटजी बमनजीनं 1810 मध्ये इंग्लंडच्या नौदलासाठी 74 तोफांची 'मिंडेन' पाण्यात सोडली. इतकी मोठी युद्धनौका नौदलानं ब्रिटनच्या बाहेर कधी बांधून घेतली नव्हती. 1813 ची 'कॉर्नवॉलिस' चीनला गेली आणि 1842 मध्ये हाँगकाँग इंग्रजांना देणारा नानकिंगचा तह तिच्याच डेकवर झाला. पुढे इंग्लंडमध्ये तिचा धक्का करून ठेवला होता, 1957 पर्यंत. आणि 12 ऑक्टोबर 1817 ला सोडलेली 'ट्रिंकोमाली' अजून तरंगते आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. दोनशेहून जास्त वर्षांचा साग. ते लाकूड ज्या झाडांचं, ती तर शिवाजी महाराजांच्या काळात रुजली असली तरी मला नवल वाटणार नाही. याच घराण्यातला आर्देशीर करसेटजी 1841 मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला, पहिला भारतीय. त्यानं त्याच्याही आधी, 1834 मध्ये माझगावच्या आपल्या घरी गॅसचे दिवे लावले होते. हे घर म्हणजे इथून चालत...

"आजोबा, पायऱ्या!"

बोलण्याच्या नादात माझं लक्षच नव्हतं. पाणी खरंच धावत वर येत होतं. धाकट्यानं तीनदा मोजल्या. बारा. सव्वादहा. खिडकी उघडली, रांग हलली, पिशव्या उचलल्या गेल्या. मोठीनं डबा घेतला. मी म्हटलं, "कोण म्हणतं पाऊणकी गेली?" तिनं उत्तर दिलं नाही, पण फळीवरून लाँचमध्ये चढताना स्वतःशी म्हणत होती, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार.

धाकटा मागे रेंगाळला होता. लाकडाचा उरलेला, न मोडलेला तुकडा त्याच्या हातात होता.

"यातले अजून जिवंत असतील ना? पाण्यात सोडतो."

तो काठावरून वाकला, तेवढ्यात लाँचवरचा खलाशी दोर सोडता सोडता ओरडला, "ए बाळा, इथे नको! आमची लाकडाची आहे. घेऊन ये, मधे गेल्यावर टाक."

ते ओलं लाकूड मांडीवर धरून तो बसला. नव्या पँटवर डाग पडला. साखरपुड्यात त्याची आई मला विचारणार होती.